नावाच्या जागी ठिपके

आक्काच्या लग्नातली मंगलाष्टकं मी लिहिली होती. हे मी मराठीत आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. इंग्रजीत एकदा सांगितलं, तेही दुसऱ्याच कुणा मुलीची हकिकत म्हणून.

आमच्या बेळगावात तेव्हा लग्नासाठी मंगलाष्टकं मुद्दाम लिहवून घेत आणि छापून वाटत. पातळ गुलाबी नाहीतर पिवळा कागद, कडेने वेलबुट्टी, माथ्यावर गणपती. कडव्यांमधे वधूवरांची नावं आणि दोन्ही घराणी गुंफलेली असत. तळाशी घरातल्या थोरल्या पुरुषाचं नाव. लिहिलेलं असे बहुधा एखाद्या मास्तरांनी. नाव मात्र थोरल्याचंच. त्यात कुणी कुणाला फसवतंय असं कुणाच्या मनात येत नसे. लग्नपत्रिकेवर थोरल्याचं नाव असतं, तसंच हेही.

आमच्या घरातले थोरले म्हणजे आप्पा, माझे चुलते. माझे वडील, अण्णा, त्यांच्यापुढे फारसं बोलत नसत. आक्काचं लग्न निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे ठरलं तेव्हा आप्पा म्हणाले, शाळेतल्या मास्तरांना निरोप धाडतो. आक्काने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"मास्तरांचं नको गं. त्यांना मी ठाऊक तरी आहे का? तू लिही."

"मला येतं कुठं?"

"येतंय. तू भांडी घासताना गुणगुणतीस ते मी ऐकलंय. गप लिही."

आक्का मराठी चौथीपर्यंत शिकली होती. मला कॅम्पातल्या मिशनच्या शाळेत घातलं, कारण त्या वर्षी अण्णांच्या साहेबांनी तसं सुचवलं. आक्काच्या वेळी कुणी सुचवलं नव्हतं. मी शाळेतून आले की ती तांदूळ निवडायला बसे आणि मला आजचा धडा म्हणायला लावी. मी म्हणे, ती ऐके, आणि सुपातल्या तांदळांत बोटाने ती इंग्रजी अक्षरं काढे. आई आली की सूप हलवायचं, अक्षरं गेली. असं करत ती दुकानांच्या पाट्या वाचायला लागली होती. हे आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मी आठ कडवी लिहिली. चाल ठरलेलीच असते, सगळ्यांच्या कानात बसलेली; शब्द तिच्यात बसवत जायचं. सात कडव्यांत देव, नद्या, दोन्ही घराणी, आणि आक्काचं नाव. सहावं कडवं मात्र तिचं. त्याची पहिली ओळ अशी होती:

तांदूळीं लिहिली तिने सुपभरी बोटें नवी अक्षरे

पुढच्या ओळींत नवऱ्यामुलाला सांगितलं होतं, की हिचं शिकणं अर्ध्यावर राहिलं आहे, ते आता तुमच्याकडे सोपवते. आक्का माझ्याशेजारी बसून वाचत होती. त्या ओळीपाशी ती थांबली, मला चिमटा काढला, आणि म्हणाली, "चोरटी." तिला आवडलं होतं.

आप्पांनी कागद वाचला. एक-दोन ठिकाणी शब्द बदलून पाहिले, पुन्हा होते तसे केले. "बरं जमलंय," म्हणाले. "मास्तरांचे हेलपाटे वाचले." आणि तळाशी स्वतःचं नाव घालून छापखान्यात दिलं. मला त्यात काही वाटलं नाही. उलट माझं नाव असतं तर मी मांडवात गेलेच नसते. लग्नात आप्पांनी खड्या आवाजात अष्टकं म्हटली, आणि सहाव्या कडव्याला आक्काने मान आणखी खाली घातली. ती हसत होती, हे मला तिच्या मुंडावळ्यांच्या हलण्यावरून कळलं.

लोकांनी आप्पांचं कौतुक केलं. तुम्ही कवी आहात हे सांगितलं नाहीत कधी, असं म्हणाले. आप्पा पहिल्यांदा 'छे छे' म्हणाले. नंतर म्हणेनासे झाले.

पहिल्या बाळंतपणात आक्का गेली. मुलगी वाचली. ती निपाणीलाच राहिली, तिच्या बापाच्या आत्याने ती सांभाळली. दाजींची ही आत्या म्हणजे त्या घरातली कर्ती बाई. आमच्याकडे मूल वर्षातून एकदा धाडत, तेही त्यांच्या मनात आलं तर. एवढंच लिहिते. बाकीचं लिहिता येत नाही.

त्यानंतरच्या वर्षी, लग्नसराईत, आई मला घेऊन बाशिंगं-मुंडावळ्यांच्या गल्लीत गेली होती. मावशीकडचं कार्य होतं. दुकानाच्या फळीवर एक लहानसं पुस्तक ठेवलं होतं, लाल कव्हराचं. मंगलाष्टकांचा संग्रह, सर्व शुभकार्यांस उपयोगी. मी सहज उघडलं. तिसऱ्या पानावर आमची अष्टकं होती. आठही. वर आप्पांचं नाव. जिथे जिथे आक्काचं नाव होतं, तिथे ठिपके घातलेले होते, आणि खाली बारीक टाइपात सूचना: येथे वधूचे नाव घालावे.

सहाव्या कडव्यात तिचं नाव नव्हतं. तिथे काही बदलावंच लागलं नव्हतं. ते होतं तसं छापलं होतं.

"लई खपतंय हे," दुकानदार आईला म्हणाला. "त्यातलं तांदळाचं कडवं तर बायकांच्या तोंडात बसलंय. तुमच्याच घरातल्या आप्पांचं न्हवं का?"

आईने मान डोलावली आणि मुंडावळ्यांचा भाव विचारला.

मावशीकडच्या लग्नात ती अष्टकं म्हटली गेली. पुढे आणखी एका लग्नात. ज्या मुलीच्या घरी तांदूळ निवडायला बाई होती, तिच्यासाठीही तेच कडवं. आक्काचं असं माझ्याजवळ तेवढंच होतं. तिचे दागिने, पातळं, सगळं निपाणीला गेलेलं. त्या ओळी दर मांडवात कुणाच्या ना कुणाच्या होत होत्या, आणि त्या थांबाव्यात एवढंच मला हवं होतं. माझं नाव कुठे यावं असं नव्हतं. फक्त थांबाव्यात.

आमच्या समोरच्या घरात एक वकील राहत. वयस्कर, जिल्हा कोर्टात चालणारे, गल्लीतल्या सगळ्या मुलांचे वकीलकाका. त्यांच्या बायकोकडे हळदीकुंकवाचं ताट परत द्यायला गेले तेव्हा ते ओसरीवर एकटेच पान जुळवत बसले होते. स्वतःबद्दल मराठीत बोलायचं झालं की माझी जीभ आत वळते. म्हणून मी इंग्रजीत सुरुवात केली: समजा, एका मुलीने काही लिहिलं...

"कोण ही मुलगी? कॅम्पातली मडम का?" ते मराठीतच म्हणाले.

"शाळेत वाद चालला आहे," मी म्हटलं. शाळा सोडून मला वर्ष झालं होतं, पण त्यांना ते आठवलं नसावं.

त्यांना प्रश्न आवडला. पान तोंडात घालून ते मांडी बदलून बसले. "पूर्वी सरकारदप्तरी नोंद केल्याशिवाय दावा चालत नसे. आता तसं नाही. हा कायदा तुझ्या जन्माआधीपासून आहे. लिहिलं की झालं. कागदावर उतरलं त्या क्षणी ते लिहिणाऱ्याचं. अर्ज नको, शिक्का नको, फी नको."

"लहानसं असलं तरी? लग्नातल्या अष्टकांसारखं?"

"धोब्याला लिहिलेली चिठ्ठीसुद्धा. फार थोर असायला पाहिजे असं कायदा म्हणत नाही. आणि ती मुलगी जिवंत आहे तोवर हक्क तिचा, ती गेल्यावर आणखी पन्नास वर्षं तिच्या वारसांचा. बघ, जमिनीला सात-बारा लागतो, घराला खरेदीखत लागतं. हे एकच असं आहे जे आपोआप मिळतं."

मला वाटलं, मग ते माझंच आहे, इतके दिवस माझंच होतं, मला नुसतं माहीत नव्हतं.

"मग ती छापणं थांबवू शकते?"

"तिच्या लेखी परवानगीवाचून छापलं असेल तर थांबवू शकते. जिल्हा जज्जापुढे दावा लावायचा." ते थांबले. "छापलेल्या कागदावर कर्ता म्हणून नाव कुणाचं आहे?"

"तिच्या चुलत्यांचं."

वकीलकाकांनी पानाची पिंक टाकून यायला थोडा वेळ घेतला. परत आले तेव्हा माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं तेव्हाच त्यांना कळलं.

"मग कोर्ट आधी चुलत्यांनाच कर्ता धरतं," ते हळू म्हणाले. "तसं नाही, हे दाखवणं मुलीवर. तिच्या हातचा कागद आहे का?"

"छापखान्यात दिला होता. टाइपाचे खिळे जुळवणाऱ्यांनी तो समोर टांगला, शाईने बरबटला, टाकून दिला."

"लिहिताना कुणी पाहिलं होतं?"

"बहिणीने."

"मग बहिणीची साक्ष काढावी."

मी हातातलं ताट त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ताटातला एक चाफा उचलला आणि पुन्हा ठेवला.

"मग एकच राहतं," ते म्हणाले. "चुलत्यांनी स्वतः कोर्टात उभं राहून सांगायचं, हे मी लिहिलं नाही म्हणून. सांगतील?" आणि उत्तराची वाट न बघता आत हाक मारली, "अगं, ताट आलंय बघ."

तरी मी आप्पांना विचारलं. दावा वगैरे नाही; दाव्याचा विचार करण्याचं धाडस माझ्यात नव्हतं. आप्पांनी छापखानेवाल्यांना नुसतं सांगितलं असतं की पुढच्या आवृत्तीत हे घालू नका, तरी पुरे होतं. त्यांची गल्लीत तेवढी पत होती. जेवणानंतर ते सुपारी कातरत होते. आई पलीकडे ताटं उचलत होती.

"आप्पा, ती अष्टकं त्या पुस्तकात नको होती."

"का गं?"

"आक्काची आहेत."

"आक्काचं नाव कुठं ठेवलंय त्यांनी? मीच सांगितलं, गेलेल्या पोरीचं नाव दुसऱ्याच्या मंगल कार्यात नको. ठिपके घाला म्हटलं. मला कळत नाही होय एवढं?"

"पण तांदळाचं कडवं..."

"तेच तर लोकांना आवडतंय!" आप्पांचा चेहरा खुलला. "परवा तालुक्याचे मास्तर भेटले होते. म्हणाले, आप्पासाहेब, तांदळांत अक्षरं, काय सुचलंय तुम्हाला! मी म्हटलं, सुचतं झालं."

मग बळ एकवटून म्हटलं, "मी लिहिलं होतं ते."

त्यांचा अडकित्ता थांबला. रागावले नाहीत. खरंच आठवत असल्यासारखे वर पाहू लागले.

"तू कच्चं करून दिलं होतंस, व्हय," ते म्हणाले. "मग मी नीट केलं. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. आणि आता काय, उजवायच्या पोरीचं नाव बाजारात पुस्तकावर लावायचं? तुझ्या अण्णाला विचार, चालतंय का."

अण्णा दारात होते. त्यांनी ऐकलं होतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाऊ दे की." आईने माझ्या हातात उष्टी ताटं दिली.

आप्पा खोटं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. इतक्या जणांनी सांगितल्यावर त्यांना स्वतःला लिहिताना दिसायला लागलं असणार. खोटं बोलणारा माणूस कधीतरी कबूल करतो. ज्याला खरंच तसं आठवतं, त्याच्यापुढे काय करायचं?

युद्धाच्या दिवसांत दाजींचं दुसरं लग्न ठरलं. मुलगी बोरगावची. आमंत्रण आलं तेव्हा आई म्हणाली, मी येत नाही. आप्पा म्हणाले, गेलं पाहिजे. न गेलो तर ते मूल आपल्याला पुन्हा दिसायचं नाही. ते खरंच होतं. म्हणून आम्ही गेलो, आप्पा, अण्णा आणि मी. मला नेलं ते मूल माझ्याकडे पटकन येतं म्हणून. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार मागे बसवलेल्या कोळशाच्या शेगडीच्या वायूवर चालायची. संकेश्वरला सगळ्यांना उतरवून शेगडी पुन्हा पेटवावी लागली.

निपाणीत वखारी उघडायचे दिवस होते. हवेतच तंबाखूची धूळ. उतरल्यापासून आप्पा खोकत होते.

कागदाच्या टंचाईमुळे वेगळी अष्टकं छापायची सोय नव्हती. मुलीकडच्यांनी बाजारातून ते लाल पुस्तक आणलं होतं आणि त्यातली सगळ्यांत चांगली म्हणून तिसऱ्या पानावरची निवडली होती. त्या बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं. दाजींच्या आत्यांना मात्र माहीत होतं. अण्णा कधी नव्हे ते पुढे होऊन म्हणाले, "ती नकोत. ती आमच्या पोरीची आहेत."

"तेव्हा होती," आत्या म्हणाल्या. "आता पुस्तकात आली. पुस्तकातलं कुणा एकाचं असतंय का, अण्णा? त्यात नाव पण न्हाय तिचं. आणि लिहिणारेच दारात आलेत म्हटल्यावर दुसरं कोण म्हणणार? आप्पा, तुमीच म्हणायचं बघा."

आप्पा खोकत खोकत हसले. अण्णा बाजूला झाले.

अंतरपाट धरला गेला. दाजी पलीकडे उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. आप्पांनी पहिलं कडवं सुरू केलं आणि अर्ध्यातच त्यांना उबळ आली. डोळ्यांत पाणी येईतो खोकले. मग मागे वळून पुस्तक माझ्या हातात दिलं.

"तू म्हण गं. तुला पाठ आहेत."

सगळे माझ्याकडे बघत होते. आक्काची मुलगी माझ्या कडेवर होती. मी तिला खाली ठेवलं आणि म्हणायला लागले. आवाज बारीक होता, पण फुटला नाही. ठिपक्यांच्या जागी नव्या मुलीचं नाव घालायचं होतं. ते चालीत बसायला तोकडं पडत होतं, मी ते ओढून पुरं केलं. पाच कडवी झाली. सहावं मी गाळलं आणि सातव्यावर गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही. सातवं झालं, आठवं झालं. एवढं तरी मी राखलं, असं मला वाटलं.

भटजींनी घड्याळ बघितलं आणि हात वर केला. "मुहूर्ताला अवकाश आहे. आणखी एक म्हणा."

मला दुसरं काही आठवेना. शाळेतल्या इंग्रजी प्रार्थना तेवढ्या डोक्यात येत होत्या. अक्षता मुठीत धरून लोक थांबले होते.

"ते राहिलं की!" आत्या मागून म्हणाल्या. "तांदळाचं. सगळ्यांत ग्वाड तेच, आणि तेच इसरली ही."

"म्हण की गं," आप्पा म्हणाले. "माझं आवडतं आहे ते."

मी म्हटलं. सगळं म्हटलं, शेवटच्या ओळीपर्यंत. 'सावधान' झालं, वाजंत्री सुरू झाली, आणि अक्षता पडल्या.

जेवणं झाल्यावर नव्या नवरीजवळ मला बसवलं होतं. माझ्याहून लहान असावी. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिने माझ्या पदराला हात लावला.

"ताई, तुमी म्हटला त्यात लिवायचं होतं. मला लिवाय येत न्हाय. त्यास्नी कुणी खोटं सांगितलंय काय?"

"नाही," मी म्हटलं. "ते पुस्तकातलं आहे. सगळ्यांनाच म्हणतात."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि तिने श्वास सोडला.

मूल आमच्याबरोबर पाठवलं नाही. पुढच्या दिवाळीला बघू, म्हणाले.

परतताना मोटारीत आप्पांचा खोकला जरा बसला होता. ते म्हणाले, छापखानेवाले दुसरं पुस्तक काढताहेत, कागद मिळाला की. नवी आठ कडवी मागितली आहेत. "तू कच्चं करून दे, मी नीट करतो." अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. मी बरं म्हटलं.

मी लिहिली. आठवडाभरात झाली. त्यात कुणाचं घर घातलं नाही, कुणाचा हात, कुणाचं बोलणं घातलं नाही. कागदावर उतरली त्या क्षणी कायद्याने तीही माझीच झाली असणार. आप्पा ती घेऊन गेले आणि संध्याकाळी खूश होऊन आले. छापखानेवाल्यांनी सांगितलं होतं, मागच्यापेक्षा ही सोयीची आहेत. कुठल्याही लग्नात चालतील.